शमशोन विश्वासवीरांच्या यादीत काहून? (इब्री ११ वाचताना)

बेथेलकर

जय ख्रिस्त मंडळी.

आमच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत सध्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्याय, म्हणजे विश्वासवीरांची यादी, चालू आहे. हाबेल, हनोख, नोहा, अब्राहाम इथपर्यंत गाडी सुरळीत आली. बत्तिसाव्या वचनाला अडली. गिदोन, बाराक, शमशोन, इफ्ताह, दावीद, शमुवेल, यांचं सांगत बसलो तर वेळ पुरायचा नाही, असं म्हणून लेखक पुढं सरकतो. तरुण संघातली एक पोरगी उठली आणि म्हणाली, "सर, शमशोन यात काहून? त्यानं तर जन्मभर मनाला येईल तेच केलं." पाळकसाहेब हसले, पुढच्या वेळी बघू म्हणाले.

मी जुन्या करारातलं शास्ते हे पुस्तक पुन्हा काढून वाचलं. पोरीचा प्रश्न एकट्या शमशोनापुरता नाही. गिदोनाचं बघा. संडे स्कूलमध्ये त्याची गोष्ट तीनशे माणसं, मडकी आणि मशाली इथं संपते, पोरं टाळ्या वाजवतात. आठव्या अध्यायात हाच गिदोन लुटीतलं सोनं गोळा करून त्याचं एफोद (याजकाचं वस्त्र) करतो, आपल्या गावात ठेवतो, आणि सगळं इस्राएल त्याच्या नादी लागतं. तो अध्याय फळ्यावर कधीच येत नाही. अब्राहामानं जिवाच्या भीतीनं बायकोला बहीण म्हणून सांगितलं, तेही दोनदा. आधी मिसरात, मग गराराच्या अबीमलेखाकडं. दुसऱ्या खेपेला देवाशी करार होऊन गेलेला होता! सारा हसली आणि वर "मी हसलेच नाही" म्हणाली. मोशेच्या हातून खून झालेला. राहाबचा वेश्येचा धंदा तर यादीतच लिहून ठेवलाय.

आमच्या जालन्याशेजारचं बेथेल घ्या. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढं निजामाच्या या मुलखात कामाला आले, त्यांनी नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी ही वस्ती वसवली. शास्त्रातलं बेथेल कुठलं? आंधळ्या बापाला फसवून, भावाच्या धाकानं पळालेला याकोब उशाला धोंडा घेऊन झोपला आणि स्वप्नात स्वर्गाला भिडलेली शिडी दिसली, ते. शिडी फसवणाऱ्याला दिसली, फसलेल्या एसावाला दिसली नाही. हे मला अजून खटकतं, पण ते असो.

माझं म्हणणं एवढंच, की ही चांगल्या माणसांची यादी नव्हे. इतकं सगळं करून सवरूनही ज्यांचा देवाशी व्यवहार तुटला नाही, त्यांची आहे. तो त्यांनी तुटू दिला नाही की देवानं, यावर वाद होईल. मी देवाच्या बाजूचा.

तुमचा विश्वास ज्या दिवसांत कसाबसा टिकला, त्या दिवसांत यातलं कोण उपयोगी पडलं? सांगा.

नांदेडचे_काका

सलाम बेथेलकर. विषय चांगला, दिशा पटली नाही.

इब्रीकरानं त्या अध्यायात या माणसांचे दोष सांगितलेत का? राहाबचा धंदा सोडला तर एक शब्द नाही. त्यानं विश्वास तेवढा सांगितला. जे पवित्र आत्म्यानं झाकलं ते आपण उकरून काढायचं कारण काय? हल्ली प्रत्येक उपदेशात "दावीद पण पडला, पेत्र पण पडला" एवढंच ऐकू येतं. उठला कसा, हे दोन मिनिटांत उरकतात.

याचा परिणाम सांगतो. एका मंडळीत कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे एका जबाबदार माणसानं घरी वापरले. लोक भोपळा शंभराला घेतात, कोंबडीवर चढाओढीनं बोली लावतात, ते देवळाच्या छपरासाठी म्हणून. हिशोब विचारला तर गडी म्हणतो, "दावीदानं तर याहून मोठं पाप केलं, तरी देवाच्या मनासारखा ठरला." आता बोला. कृपा वाढावी म्हणून पापात राहायचं काय, असं पौलानं रोमच्या सहाव्या अध्यायात विचारलं, आणि उत्तरही तिथंच देऊन टाकलं.

परभणीकर

काकांशी सहमत. भोपळा शंभराला म्हणजे काका जुन्या काळातले आहेत, आमच्याकडं मागच्या सणाला पाचशेला गेला.

खंजिरी

सर, त्या प्रार्थनासभेत प्रश्न विचारणारी पोरगी मीच. 😀

काका, रागावू नका, पण माझा प्रश्न पुस्तकातला नव्हता. आमच्या इथं एक भाऊ पेटी वाजवतात. वाजवायचे. नाव नको. दारू परत सुरू झाली, मग गेल्या वर्षी सगळं टोकाला गेलं. वहिनीचं मंगळसूत्रसुद्धा गहाण पडलं. नंतर ते उपचाराला गेले, परत आले, आता बरे आहेत. दर रविवारी येतात, शेवटच्या बाकावर बसतात, आणि पेटीवर एक शिकाऊ पोरगा बसतो, ज्याला काळी चार अन् काळी पाच यातला फरक कळत नाही. गीत सुरू झालं की या भाऊंची बोटं समोरच्या बाकावर चालायलेली असतात. मी मागं खंजिरी घेऊन उभी असते, मला दिसतं.

पेटीवर परत बसू द्या असं आम्ही तरुण संघानं म्हटलं, तर वडील मंडळी दोन गटांत. एक म्हणतो साक्ष बिघडते. दुसरा म्हणतो दावीद. मला दोन्ही पटंना. म्हणून शमशोन विचारला.

सिस्टर_दुधना

बेथेलकर सरांनी विचारलंय कोण उपयोगी पडलं. माझा एलीया. त्याचं नाव त्या यादीत नाही, पण "आणि संदेष्टे" यात तो आलाच.

कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम करून आला, आणि ईजबेल राणीचा एक निरोप ऐकून पळत सुटला. रानात रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. मी नर्स आहे. हे वाक्य मी वॉर्डात ऐकलंय, वेगवेगळ्या तोंडून. नापिकी झालेल्या शेतकऱ्याच्या, बाळंतीण होऊन महिना झालेल्या पोरीच्या. आपले विश्वासणारे नातेवाईक खाटेशी येऊन काय म्हणतात? "प्रार्थना कमी पडली. विश्वास कमी पडला." शास्त्रात देवदूत काय करतो? निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवतो, ऊठ, खा म्हणतो. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा तेच सांगतो, कारण वाट तुला झेपणारी नाही. तू इथं काय करतोस हा प्रश्न फार नंतर, होरेबावर पोचल्यावर. आधी जेवण, झोप, परत जेवण.

आमची आजी बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कामावर सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो ज्वारी. एलीयाला जेवू घालणारी सारफथची विधवा तिची लाडकी. मडक्यातलं मूठभर पीठ संपलं नाही, ही गोष्ट सांगताना ती न चुकता म्हणायची, "पीठ रोज मूठभरच ऱ्हायलं बरं का. कणगी काही भरली नाही."

अवांतर, पण लिहून ठेवते. घरात कुणी असं "पुरे झालं" म्हणत असेल तर प्रार्थना करा आणि डॉक्टरकडंही न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोनला पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

शंकासुर

मूळचा लातूरकडचा, आता पुण्यात. चर्चला जाणं सुटलंय, वाचणं सुटलेलं नाही, म्हणून इथं डोकावतो.

दावीदाची गोष्ट निघालीच आहे तर माझी जुनी अडचण मांडतो. नाथान संदेष्टा दावीदाला पाप दाखवून गेल्यावरचं म्हणून ५१ वं स्तोत्र सांगितलं जातं. त्यात तो देवाला म्हणतो, मी तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध पाप केलंय. केवळ? बथशेबेचा नवरा उरीया मेला की. त्याच्याच हातात त्याच्या मरणाची चिठ्ठी देऊन पाठवलं. बथशेबेला राजवाड्यात बोलावलं तेव्हा तिला नाही म्हणायची सोय होती का, हे कुणी विचारत नाही. आणि हा सगळा मामला देव आणि दावीद यांच्यात मिटतो? काकांचा तो लिलाववाला माणूस हेच करतोय. देवाकडं माफी मागितली, विषय संपला, मंडळीनं हिशोब मागायचा नाही.

बेथेलकर

शंकासुर, अडचण खरी आहे, आणि "हे तर काव्य आहे" म्हणून मी ती उडवून लावणार नाही. मी त्या ओळीकडं असं बघतो. राजाला जाब विचारणारं त्या राज्यात कुणी नव्हतं. सेनापती यवाब तर कटातच सामील. अशा माणसाला "तुझ्यावरही कुणीतरी आहे" हे पहिल्यांदा कळलं, तो हादरा त्या ओळीत आहे. ओळ पुरेशी आहे असं मात्र मीही म्हणणार नाही.

पण पुस्तक दावीदाला सोडत नाही. स्तोत्र दावीदाच्या नावावर आहे, इतिहास दुसऱ्यांनी लिहिला. दुसऱ्या शमुवेलाचा तेविसावा अध्याय उघडा. दावीदाच्या शूर वीरांची नावं आहेत. वाचायला रटाळ, आपण पानं उलटतो. शेवटचं नाव कुणाचं? उरीया हित्ती. त्यानंतर बेरीज, सदतीस. म्हणजे दावीदाच्या पराक्रमाचा ताळेबंद ज्या नावावर संपतो, ते नाव त्यानंच मारलेल्या माणसाचं. पुढं मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात येशूची वंशावळ येते. तिथं बथशेबेचं नाव नाही, "उरीयाची बायको" असं लिहिलंय. हजारेक वर्षं उलटून गेली, शलमोन जन्मला, मंदिर बांधलं, पडलं, परत बांधलं, तरी मत्तय तिला उरीयाचीच म्हणतो. ख्रिस्ताच्या घराण्यात दावीद आहे, आणि त्याच ओळीत दावीदावरची फिर्यादही आहे.

म्हणून तुमच्या त्या लिलाववाल्याला सांगा काका, दावीदाचं नाव घ्यायचं असेल तर पूर्ण घे. श्रीमंतानं गरिबाची एकुलती कोकरी पळवली, या नाथानाच्या गोष्टीवर दावीदाचा स्वतःचा निकाल काय होता? चौपट भरून दे.

नांदेडचे_काका

चौपट! हे बरं सापडलं. छापून भिंतीवर लावतो.

पण बेथेलकर, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. क्षमा मोफत, भरपाई वेगळी. मोशेला क्षमा होती, तरी खडकाला काठी मारली म्हणून त्याला वचनदत्त देशात पाय ठेवता आला नाही. नबो डोंगरावरून दुरून बघावं लागलं. मग पेटीवाल्यानंही बाकावरून ऐकावं. त्यात त्याचा विश्वास जातो असं नाही.

अक्का_अंबाजोगाई

काका, तुम्ही मोशे काढलात, मी पेत्र काढते.

पेत्रानं येशूला ओळखत नाही म्हणून नाकारलं, ते सगळे सांगतात. कोंबडा, रडणं, मग तळ्याकाठी तीनदा "माझ्यावर प्रीती करतोस का", झालं, पेत्र दुरुस्त. नाही झाला! गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचा. पेंटेकॉस्ट, म्हणजे पवित्र आत्मा उतरला तो दिवस, होऊन गेला, हजारोंचा बाप्तिस्मा झाला, कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी जाऊन विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, माणसांबरोबर जेवून आला. आणि अंत्युखियात यरुशलेमच्या मंडळीतल्या याकोबाकडची माणसं आल्याबरोबर हा गडी पंगतीतून उठला. विदेशी भावांबरोबर जेवायचं बंद केलं. कशाला? लोक काय म्हणतील म्हणून. पहिल्या वेळी अंगणातल्या दासीला भ्याला, या वेळी आपल्याच लोकांना भ्याला. भित्रेपणा तोच. आणि त्याच्यामागं बर्णबासारखा माणूससुद्धा वाहवला. पौलानं सगळ्यांसमोर तोंडावर सांगितलं, तू चुकतोयस.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला हा अध्याय झोंबायला पाहिजे. प्रभूभोजनाला एका पेल्यातून पितो आणि पोरीला स्थळ बघताना हळूच विचारतो, "तुमचे मूळचे कोण?" माझ्या लग्नात विचारलं होतं. माझ्या पुतणीच्याही लग्नात विचारलं. मधे एक पिढी गेली, पाळक तीन बदलले, प्रश्न जिथल्या तिथं. पेत्राचं अंगणातलं पाप आपण रडत रडत सांगतो, पंगतीतलं सांगत नाही, कारण ते आपलं आहे.

म्हणून बेथेलकर, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर पेत्र, पण दुसऱ्यांदा चुकलेला. एकदाच पडून उभा राहिलेला माणूस मला ओळखीचा वाटत नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही तसंच. लोक त्यांची भजनं गातात, देव्हाऱ्यात बसवतात. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्यांचा राग, लहर, घरातली ओढाताण, सगळं हसत हसत लिहून ठेवलंय. ते वाचल्यावर टिळकांचे शब्द मला जास्त खरे वाटायला लागले.

परभणीकर

अक्का, 🙏. यावर स्वतंत्र धागा काढा. इथं तो वाहून जाईल.

तेरकर

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला, गोरोबाकाकांच्या तेरचा. धागा पहिल्यापासून वाचतोय, राहवलं नाही म्हणून लिहितो.

तुमच्या यादीवरून आमची मंडळी आठवली. गोरोबाकाका भजनात इतके रंगले की चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचं लेकरू गेलं. नामदेव महाराज हिंगोलीतल्या नरसीचे. साक्षात विठ्ठल त्यांच्याशी बोलायचा, आणि संतांच्या मेळ्यात गोरोबांनी डोक्यावर थापटणं मारून सांगितलं, हे मडकं कच्चं. राग आला त्यांना, पंढरीला जाऊन गाऱ्हाणं केलं. शेवटी औंढ्याला विसोबा खेचरांकडं जावंच लागलं. तेव्हा भक्तसुद्धा कच्चा असू शकतो, हे आम्हाला नवं नाही.

पण एक फरक जाणवला. आमच्या कथेत शेवटी पंढरपूरच्या कीर्तनात गोरोबांचं लेकरू रांगत परत येतं. ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. तुमच्या पुस्तकात उरीया परत येत नाही. नाव तेवढं येतं. हे तुम्ही पचवता कसं? वाद घालायला विचारत नाही, खरंच विचारतोय.

बेथेलकर

तेरकर, या धाग्यावरचा सगळ्यात अवघड प्रश्न तुम्ही विचारलात. बाकीच्यांनीही उत्तरं द्यावीत.

माझ्यापुरतं सांगतो. पचत नाही, आणि पचू नये असं मला वाटतं. आमचा विश्वास पुनरुत्थानावर आहे. म्हणजे उरीयाचा विषय आमच्या लेखी बंद झालेला नाही, तो उठणार आहे, आणि दावीदाला त्याच्या डोळ्याला डोळा द्यावा लागणार आहे. इब्रीचा अकरावा अध्याय संपतो तोही असाच. या सगळ्यांना वचनाचं फळ मिळालं नाही, आपल्यावाचून ते पूर्ण व्हायचे नव्हते, असं एकोणचाळीस-चाळिसाव्या वचनात आहे. विश्वासवीरांचा अध्याय, आणि शेवटी सगळे वाट बघतच बसलेले.

अक्का_अंबाजोगाई

हागारेचं पण बघा. अब्राहाम-सारेनं तिला आधी वापरलं, मग पोरासकट रानात घालवलं. पखालीतलं पाणी संपलं. देव अब्राहामाचा असून विहीर हागारेला दाखवतो. विश्वासाच्या बापानं जिला टाकलं, तिचं रडणं त्याच बापाच्या देवानं ऐकलं. तेरकरभाऊ, मला यात थोडंफार उत्तर मिळतं. पुरं नाही.

शंकासुर

तेरकरांच्या प्रश्नावर मलाही लिहायचंय. उत्तर नाही, आजीची हकीकत आहे.

३० सप्टेंबर १९९३. किल्लारीचा भूकंप. आमचं गाव औसा तालुक्यात. पहाटे चारच्या सुमारास घरं बसली. धाब्याची घरं ती, जाड दगडी भिंती, वर मातीचं ओझं. आजीचा धाकटा मुलगा त्यात गेला, म्हणजे माझा काका. मी लहान होतो, मला त्याचा फक्त सायकलचा आवाज आठवतो.

आजी गीतांची पुढारी होती. पुस्तक लागायचं नाही, सगळी तोंडपाठ. भूकंपानंतर उपासना पत्र्याच्या शेडमध्ये व्हायला लागली. आजी यायची, पहिल्या रांगेत पोत्यावर बसायची, आणि तोंड मिटून बसायची. गीत नाही, प्रभूची प्रार्थना नाही, आमेनसुद्धा नाही. बायका कुजबुजायच्या. आमच्या त्या वेळच्या पाळकांनी तिला एकदाही "म्हणा" म्हटलं नाही. ते प्रभूभोजन घेऊन तिच्यापुढं थांबायचे, ती मान हलवायची, ते पुढं जायचे. पुढच्या वेळी परत थांबायचे.

असं किती दिवस चाललं माहीत नाही, पावसाळा येऊन गेला होता. मग एका रविवारी ८८ वं स्तोत्र वाचलं गेलं. वाचलंय का कुणी? बाकीची गाऱ्हाण्याची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडं वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. वाचणाऱ्यानं वाचून पुस्तक मिटलं, आणि आजी मोठ्यानं म्हणाली, "आता कसं खरं बोललं." त्या दिवशी तिनं भाकर आणि द्राक्षारस घेतला.

ती मरेपर्यंत चर्चला गेली. देवाशी भांडण मिटलं असं ती कधी म्हणाली नाही. मी जात नाही, पण या धाग्यावर कुणी "टिकलेला विश्वास" म्हटलं की मला तिचं ते मिटलेलं तोंड आठवतं. शमशोन वगैरे ठीक आहे.

सिस्टर_दुधना

शंकासुर, ते पाळक कोण असतील ते असोत, पदवीपेक्षा मोठं शिकलेले होते.

खंजिरी

वाचून काही सुचत नाहीये. पण काका, पेटीचं राहिलंच. रविवारी मंडळीची बैठक आहे.

अक्का_अंबाजोगाई

बाळा, मार्काची गोष्ट वाच. पहिल्या प्रचारफेरीत पिर्गा इथं पौल-बर्णबाला सोडून तो घरी परत गेला. दुसऱ्या फेरीला बर्णबा म्हणतो त्याला घेऊ, पौल म्हणतो जो अर्ध्यातून गेला तो नको. एवढं कडाक्याचं भांडण झालं की दोघं वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला, पौल सीलाला घेऊन सूरियाकडं. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय. लूकानं ते भांडण झाकलं नाही, कोण बरोबर हेही सांगितलं नाही. पुढं म्हातारा पौल तुरुंगातून तीमथ्याला लिहितो, मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे.

आता बघ, पौलाची काळजी खोटी नव्हती. वाटेत सोडून जाणारा माणूस धोक्याचाच. पण बर्णबा नसता तर पौलाला ते पत्र लिहायला मार्क उरला असता का? तुमच्या मंडळीत पौल भरपूर दिसतायत. बर्णबा कोण होणार ते बैठकीत ठरवा.

नांदेडचे_काका

टोमणा पोचला, अक्का.

सिस्टर_दुधना

खंजिरी, बैठकीच्या आधी एक काम कर. तुम्ही सगळे दावीद, मार्क, साक्ष, वडील मंडळी यावर बोलायलात. वहिनीला कुणी विचारलं का? मंगळसूत्र तिचं गेलं. वर बेथेलकर सरांनी उरीयावर एवढं लिहिलं, आणि चालू गोष्टीतल्या उरीयाला अजून कुणी बोललेलं नाही. ती जिवंत आहे, शेजारीच राहते. जा आणि विचार. एकटी जाऊ नको, पाळकबाईंना घेऊन जा. आणि त्या "चालेल" म्हणतील असं गृहीत धरून जाऊ नको. त्या नाही म्हणाल्या तर नाही.

बेथेलकर

हे सगळ्यात आधी सुचायला हवं होतं, मंडळीतल्या एकालाही सुचलं नाही. +१.

खंजिरी

जाऊन आलो. मी, आई आणि पाळकबाई. वहिनींना विचारून लिहितेय, नाव न घालता लिही म्हणाल्या.

त्या दारात बसून तूर निवडत होत्या. आम्ही विषय काढला. सूप काही थांबलं नाही. थोड्या वेळानं खडे बाजूला टाकत म्हणाल्या, "बसू द्या पेटीवर. घरात बसून ताटावर बोटं वाजवतेत, माझं डोकं उठतं." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. मग एकेक अट सांगितली. अर्पणाची थैली त्यांच्या हातात द्यायची नाही, आता नाही आणि पुढंही त्यांना विचारल्याबिगर नाही. गीतांची प्रॅक्टिस पगाराच्या दिवशी संध्याकाळी ठेवायची, आणि कुणीतरी त्यांना कामावरून थेट चर्चला घेऊन यायचं. परत कधी पिऊन दिसले तर पेटी बंद, पण चर्च बंद करायचं नाही, बाकावर बसू द्यायचं. मोशेचं मी काहीच सांगितलं नव्हतं काका, तरी त्यांनी तुमचा बाक ठेवला बघा.

पाळकबाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांना क्षमा केलीत का?" तर म्हणाल्या, "ते माझं मी बघीन. ते बैठकीत घ्यायचं नाही." पाळकबाई गप्प झाल्या.

बैठकीत हे जसंच्या तसं मांडलं. "साक्ष बिघडते" वाले दोघं जण विरोधात राहिले, बाकीच्यांनी मान्य केलं. पगाराच्या दिवशी आणायचं काम दोन वडिलांनी वाटून घेतलंय. त्यात एक विरोधातलेच आहेत. मंगळसूत्र सोडवायला महिला मंडळ काहीतरी करणार होतं, पण वहिनी म्हणाल्या ते भाऊंच्याच कमाईतून सुटलं पाहिजे, उशीर लागला तरी चालेल.

तेरकर

वाचतोय. वहिनींना नमस्कार सांगा.

बेथेलकर

खंजिरी, छान केलंत. पुढच्या बुधवारी इफ्ताह आहे, तयारी करून ये. त्याच्या नवसापायी गेलेल्या मुलीचं नाव शास्त्रात नाही, पण इस्राएलच्या पोरी दरवर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करायला जात, हे शास्त्यांच्या अकराव्या अध्यायाच्या शेवटी आहे. उपदेशात ते वचन कायम गाळतात. तू त्याच्यावर बोल. शंकासुर, पुण्याहून जालना फार लांब नाही. प्रार्थनासभेला या. गीत म्हटलं नाहीत तरी चालेल.

शंकासुर

बघू. इफ्ताहावर माझ्याकडं बरेच प्रश्न आहेत, मग म्हणू नका.

नांदेडचे_काका

माझं मत बदललेलं नाही. पुढारीपणाच्या जागा एवढ्या लवकर परत देऊ नयेत, यावर मी ठाम आहे, आणि दोन जण विरोधात राहिले ते बरं झालं. पण तुमच्या त्या शिकाऊ पोरानं इतके दिवस वाजवल्यावर पेटीचा भाता नक्की ढिला झाला असणार. आमच्या नांदेडला एक चांगला कारागीर आहे. पेटी कुणाबरोबर तरी एसटीनं पाठवून द्या, स्टँडवरून मी उतरवून घेतो. पैशाचं नंतर बघू.